मीठ कुणाचे?



गेल्या पेसाहच्या थोडे आधी आमची नात एक वही घेऊन आमच्याकडे आली. इथल्या शाळांत बार-मित्स्वा, बत-मित्स्वाच्या वर्षी मुलांकडून 'शोराशीम', म्हणजे घराण्याच्या मुळांचा अभ्यास करून घेतात, हे आपणां सर्वांस ठाऊक आहेच. आजी-आजोबा कोणत्या गावचे, कोणती भाषा बोलत, सण कसे करीत, हे विचारून मुले वहीत लिहितात आणि फोटो चिकटवतात. आमच्या घरच्या मंडळींनी तिला मलिद्याची कृती सांगितली. आम्ही शनवार तेल्यांची हकीकत सांगितली. मग जुन्या फोटोंचा डबा निघाला.

त्या डब्यात आमच्या पणजोबांचा एक फोटो आहे. ते पलटणीत हवालदार होते. अंगात पलटणीचा कोट, डोक्याला फेटा, छातीवर एक मेडल आणि एक हात खुर्चीच्या पाठीवर. नातीने फोटो बराच वेळ न्याहाळला. त्याच आठवड्यात तिच्या वर्गाला अक्कोचा तुरुंग दाखवायला नेले होते. इंग्रजांनी तेथे ज्या ज्यू तरुणांना फाशी दिले त्यांची माहिती मुलांना सांगितली होती. तिने सरळ विचारले, "आजोबा, हे इंग्रजांच्या बाजूचे होते का?"

आम्ही म्हटले, "ते शिपाई होते."

"कुणाचे शिपाई?"

पस्तीस वर्षे आम्ही वर्गात उभे राहून मुलांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. या प्रश्नाचे उत्तर मात्र "उद्या सांगतो" म्हणून पुढे ढकलले. आज हे लिहीत आहोत ते त्या उत्तराच्या शोधात.

हा प्रश्न आमच्यापुढे नवा नव्हता. आम्ही सातवीत असताना आमच्या गुरुजींनी वर्गाची सहल कर्नाळा किल्ल्यावर नेली होती. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने जाताना कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो विसरता येणार नाही. वर चढून दम खाल्ल्यावर गुरुजींनी खालच्या एका गावाकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "ते शिरढोण. वासुदेव बळवंत फडक्यांचे गाव. त्यांचे आजोबा या किल्ल्याचे किल्लेदार होते." मग त्यांनी सारी हकीकत सांगितली. आम्ही भारावून गेलो. संध्याकाळी घरी येऊन आजीला तीच गोष्ट हातवारे करून सांगितली. आजी तांदूळ निवडत होती. तिने ऐकून घेतले, भिंतीवरच्या त्याच फोटोकडे पाहिले आणि म्हणाली, "माझ्या मामंजींनी सरकारचं मीठ खाल्लं, म्हणून तुझ्या आजोबांना शाळा मिळाली आणि तुझ्या बापाला नोकरी. खाल्ल्या मिठाला जागावं, बाळा. असं बोलू नये."

सकाळी गुरुजी खरे वाटले होते, संध्याकाळी आजी खरी वाटली. दोघेही आज हयात नाहीत. त्यांचा वाद मात्र आमच्या मनात चालूच आहे.

प्रथम वासुदेव बळवंतांचे चरित्र थोडक्यात सांगतो. आपल्यापैकी पुष्कळांनी ते शाळेत वाचले असेल. धोबीतलावाला मेट्रो सिनेमाजवळच्या त्यांच्या नावाच्या चौकातून आपण कितीदा तरी गेलो असू. भारत सरकारने १९८४ मध्ये त्यांचे टपाल तिकीटही काढले. परंतु इथे वाढलेल्या मुलांना हे नाव ठाऊक नाही.

त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी शिरढोणला झाला. म्हणजे ते आपल्याच मुलखातले. ते चार वर्षांचे असताना, १८४९ मध्ये, पनवेलला आपले बेथ एल सिनगॉग उभे राहिले. शिरढोणहून पनवेलच्या बाजाराला जाणाऱ्या फडक्यांच्या घरच्या माणसांनी ते बांधकाम पाहिले असेल आणि आपल्या एखाद्या तेल्याकडून तेलही घेतले असेल. थोडे शिक्षण झाल्यावर त्यांनी सरकारी नोकरी धरली. १८६५ पासून ते पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून होते. ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. हा मनुष्य रानातून आलेला नव्हता. जवळपास चौदा वर्षे त्याने इंग्रजी लष्कराचे हिशेब लिहिले आणि दरमहा पगार घेतला. आपल्या लोकांत जितके कारकून होऊन गेले त्यांच्यासारखाच हाही एक कारकून होता.

मग काय बिघडले? सन १८७० च्या सुमारास गावाकडून निरोप आला की आई अत्यवस्थ आहे. त्यांनी रजा मागितली, ती वेळेवर मिळाली नाही. ते तसेच निघाले, पण पोचेपर्यंत आई गेली होती. पुढे वर्षश्राद्धालाही रजा नाकारली गेली, असे चरित्रकार सांगतात. त्यांच्या मनात पहिली ठिणगी पडली ती इथे.

कुणी म्हणेल, हा तर स्वतःच्या दुःखाचा राग झाला, यात देशभक्ती कोठे? आम्हाला तसे वाटत नाही. अन्याय प्रथम आपल्या घराच्या दारातूनच आत येतो. माणसाचे मोठेपण यात की तो पुढे दुसऱ्याच्या दारातला अन्यायही ओळखू लागतो. वासुदेव बळवंतांच्या बाबतीत तसे झाले. न्यायमूर्ती रानड्यांची व्याख्याने त्यांनी ऐकली. देशातला पैसा बाहेर कसा जातो, इथले धंदे कसे बसले, हे समजून घेतले. लहुजी वस्तादांच्या तालमीत दांडपट्टा शिकले. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर पुण्यात शाळा उभारणाऱ्यांतही ते होते. त्याच शाळेच्या रोपाचा पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी हा वृक्ष झाला. आम्ही शिक्षक असल्यामुळे त्यांच्या तलवारीइतकीच ही शाळाही आम्हाला आठवते.

त्यानंतर १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. दख्खन आणि दक्षिण हिंदुस्थान मिळून ५० लाखांच्या वर माणसे मेली. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचे रोजचे धान्य एक पौंडावर आणले, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. त्यावर माणसाने दिवसभर खडी फोडायची. हेच टेंपल १८७७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले. वासुदेव बळवंत खेड्यापाड्यांतून हिंडले आणि हे सारे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. ज्याने लष्कराचे हिशेब लिहिले त्याला लष्करावर किती खर्च होतो हे ठाऊक होते. आता त्याने हिशेबाची दुसरी बाजू पाहिली.

१८७९ च्या आरंभी नोकरीवर पाणी सोडून ते बाहेर पडले. शिकल्या-सवरल्या पुणेकरांनी पाठ फिरवली तेव्हा रामोशी मंडळी त्यांच्याबरोबर आली. बेत असा की सावकारांना लुटून पैसा उभा करावा, त्या पैशातून फौज जमवावी आणि इंग्रजी राज्य उलथावे. फेब्रुवारीत शिरूर तालुक्यातील धामारी गावावर पहिला दरोडा पडला, मग आणखी पडले. पण पैसा जमला तो थोडा, आणि साथीदारांचे लक्ष फौजेपेक्षा लुटीच्या वाटणीकडे अधिक, अशी निराशा त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. खचून ते श्रीशैलाला मल्लिकार्जुनाच्या देवळात गेले. तेथे प्राणत्याग करण्याचाही विचार त्यांच्या मनात आला. परंतु ते पुन्हा उठले. रोहिल्यांची फौज उभारण्याची खटपट केली. मे महिन्यात जाहीरनामा काढून रयतेला काम द्या, कर कमी करा, गोऱ्या अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार कमी करा, असे सरकारला बजावले आणि खुद्द गव्हर्नरच्या डोक्यावर इनाम लावले. त्याच महिन्यात त्यांचा साथीदार दौलतराव नाईक याने कोकणात उतरून पनवेलजवळ पळस्पे आणि चिखली येथे दरोडे घातले. परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्याला गाठले आणि तो मारला गेला.

शेवटी २० जुलै १८७९ च्या रात्री विजापूरकडच्या देवर नावडगी गावी, तापाने फणफणलेल्या अवस्थेत, झोपेत वासुदेव बळवंत पकडले गेले. पुण्यात खटला चालला. वकील मिळणे कठीण झाले तेव्हा गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, पुढे झाले. स्वतःच्या हाताने लिहिलेली हकीकतच त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरली. जन्मठेप झाली आणि त्यांना एडनला पाठवले गेले. तेथून ते एकदा तुरुंग फोडून निसटलेही, पण पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. वय सदतीस. मागे पत्नी गोपिकाबाई राहिल्या.

एडन त्या काळी मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होते. १९५१ पर्यंत तिथे आपला रुपया चालत असे. आम्ही इथे नवीन आलो तेव्हा आमच्याच इमारतीत एडनचे एक वृद्ध ज्यू गृहस्थ राहत. जिन्यात भेटले की आम्हाला खूश करण्यासाठी हिंदुस्थानीत एक ते दहा आकडे म्हणून दाखवीत. वासुदेव बळवंतांचे नाव त्यांनी ऐकले नव्हते. त्यांच्या लेखी एडन म्हणजे वाडवडिलांचे घर आणि १९४७ ची दंगल. एकाच बंदराच्या आठवणी माणसागणिक किती वेगळ्या असतात!

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. आजीचे म्हणणे होते की खाल्ल्या मिठाला जागावे. ही शिकवण आम्ही हलकी मानीत नाही. आपला समाज मूठभर. इंग्रजांच्या फौजेत आपल्या लोकांना हुद्दे मिळाले, शिक्षण मिळाले आणि जातीच्या उतरंडीबाहेर मान मिळाला. सामुएल दिवेकर हे त्याच फौजेत होते. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत शाआर हारहमीम हे आपले पहिले सिनगॉग बांधले. आपले जुने लोक त्याला मशीदच म्हणत. तेव्हा पलटणीचे मीठ आपण नुसते खाल्ले नाही, त्यातून देवाचे घरही बांधले. ज्या देशात राहावे त्याचा कायदा पाळावा, असा दंडक आपल्या आचार्यांनी घालून दिलेला आहे. बाबेलला नेलेल्या बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्यानेही त्या परक्या नगराचे भले चिंतायला सांगितले होते. आजीने यिर्मया वाचला नव्हता, पण ती बोलली ते त्याच वळणाचे होते.

तथापि एक गोष्ट आजीच्या ध्यानात आली नव्हती, आणि आम्हालाही ती फार उशिरा उमगली. ते मीठ होते कुणाचे? अगदी खऱ्या मिठाचेच पाहू. पेण, उरण, पनवेल या आपल्याच भागात मिठागरे होती. उन्हात पाय भाजून घेत आगरी बांधवांनी ते मीठ पिकवायचे आणि सरकारने त्यावर कर बसवायचा. मीठ मिठागरातले, घाम आगऱ्याचा, सरकारचा काय तो कर! पगाराचेही तेच. पणजोबांना दरमहा मिळणारे रुपये विलायतेहून येत नव्हते. ते पुणे, नगर, सोलापूर, कुलाबा या जिल्ह्यांतल्या शेतसाऱ्यातून येत होते. दुष्काळात जो कुणबी एक पौंड धान्यावर खडी फोडत होता त्यानेच आधी तो सारा भरला होता. सरकार हे फक्त वाढपी. पंगतीत वाढणाऱ्याचे आभार मानावेत हे खरे, पण ज्याच्या शेतातून अन्न आले तो उपाशी बाहेर उभा असेल, तर मिठाला जागणे म्हणजे कुणाला जागणे?

आमच्या अल्पमतीप्रमाणे लष्करी हिशेबखात्यातल्या त्या कारकुनाला नेमके हेच कळले. त्याने खाल्ल्या मिठाशी बेइमानी केली नाही, त्याने मिठाचा खरा धनी ओळखला. नोकरीत आपण राबलो, पगार घेतला, तेथे देणेघेणे फिटले. मालकाला आपण आपले श्रम देतो. बरेवाईट ओळखण्याची बुद्धी काही आपण गहाण टाकलेली नसते.

येथपर्यंत गुरुजी जिंकले असे वाटेल. पण गुरुजींनी कर्नाळ्यावर एक गोष्ट भरभर सांगून टाकली होती, ती म्हणजे दरोडे. शिक्षकाने असे करू नये. तेथे आम्ही थोडे थांबतो.

सावकार काही निष्पाप नव्हता. कापसाचे भाव अमेरिकेतल्या यादवी युद्धात चढले आणि मग कोसळले. सरकारने शेतसारा वाढवला, तो रोख भरायचा. कुणबी सावकाराकडे गेला आणि कोर्टाच्या हुकूमनाम्यांनी त्याच्या जमिनी गेल्या. म्हणूनच १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला रयत उठली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ठिकठिकाणी लोकांनी कर्जाची कागदपत्रे जाळली. हे सारे खरे. पण सावकार हा साखळीतला शेवटचा दुवा होता. साखळी ओढणारा हात दूर होता आणि त्याच्याभोवती पहारा होता. रागावलेल्या माणसाचा हात पोचतो तो जवळच्या दुव्यापर्यंतच.

या बाबतीत आपण ज्यू लोकांनी तरी डोळे उघडे ठेवले पाहिजेत. युरोपातल्या आपल्या बांधवांचा इतिहास आपण इथे येऊन शिकलो. पोलंडच्या सरदारांनी आपल्या जहागिरी ज्यूंना मक्त्याने दिल्या आणि वसुलीला त्यांना पुढे केले. १६४८ मध्ये खमेलनित्स्कीच्या बंडात लोक उठले, तेव्हा कित्येक सरदार आपापल्या गढ्यांत राहिले आणि गावोगावचे ज्यू कापले गेले. बंड करणाऱ्यांचे दुःख खोटे नव्हते, पण घाव चुकीच्या मानेवर पडला. म्हणून धामारीचा किंवा पळस्प्याचा दरोडा वाचताना आम्ही टाळी वाजवू शकत नाही. रात्री दार फोडले गेले तेव्हा त्या घरातल्या बायकामुलांना स्वराज्य दिसले नसेल, दिसल्या असतील त्या मशाली आणि हत्यारे. उदात्त हेतूने त्यांची भीती कमी होत नाही.

वासुदेव बळवंतांना हे जाणवले असावे, असे आम्हाला वाटते. श्रीशैलाची निराशा केवळ पैसा जमला नाही म्हणून होती काय? दरोड्यातून फौज उभी राहत नाही, दरोडेखोरच उभे राहतात, हे त्यांनी अनुभवले होते. त्यानंतरच्या जाहीरनाम्यात त्यांनी थेट गव्हर्नरला सवाल केला. त्या सवालाचे मोल आमच्या मते सगळ्या लुटीपेक्षा अधिक आहे.

हे वाचून आपल्यापैकी कित्येकांना मोशे रब्बेनू आठवले असतील. तोरातील ती कथा पाहा. फारोच्या वाड्यात वाढलेला, त्याचे अन्न खाल्लेला मोशे बाहेर पडतो आणि आपल्या भावांचे ओझे पाहतो. एक मिसरी एका इब्र्याला मारताना दिसतो, तेव्हा इकडेतिकडे पाहून तो त्या मिसऱ्याला ठार करतो आणि वाळूत पुरतो. दुसऱ्या दिवशी दोन इब्री भांडत असतात. त्यांना समजवायला जावे तर त्यांच्यातलाच एक त्याला उलट विचारतो की तुला आमचा अधिकारी कुणी केले? मोशे मिद्यानात पळून जातो. त्या घावाने एकही गुलाम सुटला नाही. पुढे तो परतला तेव्हा मात्र वाटेतल्या मुकादमावर हात न टाकता तडक फारोसमोर उभा राहिला. वासुदेव बळवंतांना मिद्यानातून परतण्याएवढे आयुष्य मिळाले नाही. श्रीशैलापासून देवर नावडगीपर्यंत मोजके महिनेच होते. मोशेच्या पहिल्या घावासाठी आपण त्याला टाकून देत नाही. मग या माणसाला कसे टाकावे? चूक ती चूक म्हणावी आणि माणूस थोर तो थोर म्हणावा. दोन्ही एकदम म्हणता येते.

पण मग पणजोबांचे काय? त्यांच्यासाठी तोरात दुसरा मनुष्य आहे, योसेफ. तोही परमुलखात गेला, फारोचा कारभारी झाला आणि मन लावून चाकरी केली. दुष्काळात त्याने मिसर देश जगवला, आणि आपल्या भावांनाही जगवले. आपल्या कीर्तनकारांनी योसेफाचे आख्यान रंगवून सांगितले त्याला कारण आहे. आपले बहुतेक पूर्वज योसेफच होते. त्यांनी इमानाने चाकरी केली आणि मिळाले त्यातून घर, शाळा, सिनगॉग उभे केले. परंतु योसेफाच्या कथेतही एक काटा आहे. धान्याच्या बदल्यात त्याने लोकांचा पैसा, मग गुरे, मग जमिनी घेतल्या आणि त्या फारोच्या नावे केल्या. माणसे जगली, पण फारोची गुलाम होऊन. चांगला चाकर वाईट व्यवस्थेला बळकट करून जातो, आणि ते त्याच्या ध्यानातही येत नाही.

त्याच पुण्यात न्यायमूर्ती रानडेही सरकारचे न्यायाधीश होते. त्यांनी नोकरी सोडली नाही, पण बोलणेही सोडले नाही. १८७९ मध्ये सरकारला त्यांचाही संशय आला आणि त्यांची धुळ्याला बदली झाली. आपल्यातही पुढे असे लोक निघाले. टिळकांच्या बचावाला उभ्या राहिलेल्या वकिलांत डेव्हिड एरुळकर होते, आणि गांधीजींच्या उपवासात त्यांची प्रकृती पाहणाऱ्या डॉक्टरांत अब्राहाम एरुळकर होते. तेव्हा 'आपण सारे इंग्रजांच्या बाजूचे' हे जसे खरे नाही, तसे 'आपण सारे देशभक्त' हेही खरे नाही.

इथे आल्यावर आपल्या समाजावर एक पाळी आली. १९६२ मध्ये इथल्या धर्मपीठाने आपल्या लोकांच्या लग्नांच्या वेळी कुळाची पिढ्यान्‌पिढ्या चौकशी करण्याचा आदेश काढला. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे यरुशलेमला जाऊन बसली. त्यांनी ना दगड उचलला, ना कुणाचे दार फोडले. त्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने ठराव करून आपण सर्व बाबतींत पुरे ज्यू आहोत असे सांगितले. आम्ही तेव्हा भारतात, अगदी लहान होतो. पण पुढे ज्यांच्याकडून ती हकीकत ऐकली त्यांनी 'सत्याग्रह' हाच शब्द वापरला. मिठाला जागणाऱ्यांच्या या नातवंडांनी हा तिसरा मार्ग भारतातूनच आणला होता. न झुकणे आणि दुबळ्यावर घावही न घालणे, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत.

आता आमचीही एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही इथल्या एका शाळेत गणित शिकवत होतो. नुकत्याच देशात आलेल्या काही मुलांना परीक्षा न घेताच कच्च्या वर्गात बसवायचे ठरले. त्यांतल्या दोन मुलींचे गणित उत्तम आहे हे आम्हाला ठाऊक होते, कारण फळ्यावर त्यांनी उदाहरणे सोडवलेली आम्ही पाहिली होती. शिक्षकांची सभा झाली. त्या वर्षी आमची क्वियुत, म्हणजे नोकरीतली कायमची नेमणूक, व्हायची होती. आम्ही गप्प बसलो. एक सहशिक्षिका बोलली. पुढच्या वर्षी तिचे तास कमी झाले आणि आम्ही कायम झालो. त्या दोन मुली कच्च्या वर्गातच राहिल्या. आम्ही घरी स्वतःला सांगितले की ज्या शाळेचे मीठ खातो तिच्याविरुद्ध बोलू नये. पण आमचा पगार ज्यांच्यासाठी होता त्या मुलीच तर होत्या! एडनचा तुरुंग कुणी आमच्यापुढे ठेवला नव्हता, होते ते फक्त थोडेसे कमी तास. म्हणून फोटोतल्या पणजोबांचा न्याय करायला बसताना आमचा आवाज चढत नाही.

नातीला आम्ही अखेर जे सांगितले ते असे. "हे इंग्रजांचे शिपाई होते, हे खरे. ते लपवू नकोस, वहीत लिही. त्यांनी इमानाने काम केले आणि त्या कमाईवर आपले घर उभे राहिले, हेही लिही. आणि त्यांच्या गावापासून थोड्याच अंतरावर एक कारकून जन्माला आला होता. त्याने तेच मीठ खाल्ले, पण ते कुणाचे आहे हे विचारले. तेही लिही."

तिने विचारले, "मग बरोबर कोण होते?"

आम्ही तिला पेसाहची आठवण दिली. मिसरातून निघताना सगळी माणसे घाईत होती. कणीक फुगायलाही वेळ नव्हता. त्या घाईतही मोशेने एक गोष्ट आठवणीने बरोबर घेतली, योसेफाच्या अस्थी. ज्याने फारोशी झुंज दिली त्याने फारोच्या चाकराला मागे टाकले नाही. चाळीस वर्षे त्या अस्थी लोकांबरोबर रानातून चालल्या. आपणही आपल्या माणसांना तसेच बरोबर न्यावे. पण चालावे मात्र मोशेच्या मागून.

तिने थोडा विचार केला. पणजोबांचा फोटो वहीच्या डाव्या पानावर चिकटवला आणि उजवे पान कोरे ठेवले. म्हणाली, "त्या दुसऱ्या आजोबांचा फोटो मला शोधून द्या."

तो आम्ही शोधून दिला आहे. आजी असती तर काय म्हणाली असती, कोण जाणे. बहुधा काही न बोलता दोन्ही फोटोंकडे पाहून पुन्हा तांदूळ निवडायला बसली असती.

असो. ज्या वाचकांच्या घरी असे जुने फोटो असतील त्यांनी ते डब्यातून काढून नातवंडांना दाखवावेत आणि त्यांच्या प्रश्नांना "उद्या सांगतो" असे म्हणू नये, एवढीच विनंती.